पडदा मोठाच पाहिजे

आमच्या साडूंना जिचा राग येणार नाही अशी वस्तू ब्रह्मदेवानं अजून घडवलेली नाही, आणि उद्या घडवलीच तर इतके दिवस काय करत होतास म्हणून साडू ब्रह्मदेवालाच धारेवर धरतील. शिवाजी पेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. सकाळी शटर वर करताना ते शटरवर चिडतात, शटर वर गेलं की समोरच्या गाड्यांवर चिडतात, आणि चहा आला की कप लहान होत चाललेत म्हणून चहावाल्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात. पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेलं गिऱ्हाईक जरा हसलं की, "दात कशाला दावताय? फोटो सरकारला द्यायचाय, बायकोला न्हवं!" आणि त्यानं घाबरून चेहरा सरळ केला की, "आता तोंड कशाला पाडलंय? कोन गेलंय का घरात?" तरीही लोक त्यांच्याकडेच येतात, कारण फोटो चांगला येतो. चिडलेल्या माणसासमोर बसल्यावर कुणाचाही चेहरा खरा होत असावा असा माझा अंदाज आहे.

त्यांची बायको थोरली, माझी धाकटी. त्यामुळे माझ्यावर रागावण्याचा त्यांचा हक्क लग्नाच्या मांडवातच सिद्ध झाला. मला ते नावानं कधी हाक मारत नाहीत. "पावणं" म्हणतात, आणि त्या एका शब्दात इतका तिरकसपणा भरतात की मी त्यांच्या घरी जेवायला गेलो तरी चोरून आत शिरल्यासारखं वाटतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. साडूंच्या मते ते माझ्या आयुष्याचं मोठं नुकसान झालं. "पावणं, एवढं इंग्लिश शिकवलंसा, आणि कोल्हापुरात बोलतंय कोन?"

पूर्वी ते लग्नांचं शूटिंग करायचे. करायचे म्हणजे लोक त्यांना बोलवायचे आणि नंतर पस्तावायचे. एका बड्या घरच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि या सगळ्या वेळात साडूंचा कॅमेरा मांडवाच्या मागच्या बाजूला होता. तिथं नवरीचा बाप पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून तोंड धूत होता. धुतो, पुसतो, परत धुतो. सबंध अक्षता पडेपर्यंत कॅसेटमध्ये तेवढंच. पाहुणे स्टुडिओत भांडायला आले. "अहो, अक्षता पडताना होता कुठं तुम्ही?" साडू त्यांच्यापेक्षा वरच्या आवाजात म्हणाले, "पोरीच्या बापाकडं होतो की! खरं लगीन तितं लागत हुतं. तुमी स्टेजकडं बघत बसलासा त्याला मी काय करू?" त्यानंतर त्यांना लग्नाची कामं मिळेनाशी झाली. बरं झालं म्हणाले, आणि आपल्याला वाईट वाटतंय असं आम्हाला वाटतंय या गोष्टीवर आणखी थोडे चिडले.

मग त्यांनी पिक्चर काढला. कर्ज काढून घर बांधतात, तीर्थयात्रा करतात, निवडणूक लढवतात, हे मी पाहिलं होतं. पण साठीला टेकलेल्या माणसानं ओळखीचा कॅमेरामन, एक आवाजवाला आणि एक म्हैस एवढ्या ऐवजावर पिक्चर काढलेला मी पाहिला नव्हता. गोष्ट अशी, की पेठ वडगावात एका म्हातारीची म्हैस तिचा मुलगा बाजारात विकतो. म्हैस ज्यानं घेतली तो माणूस कसा आहे हे बघायला म्हातारी त्या म्हशीच्या मागून हातकणंगल्यापर्यंत चालत जाते. गोठा बघते आणि परत येते. संपला पिक्चर. मी म्हटलं, "साडूभाऊ, हे अंतर एसटीनं अर्ध्या तासाचं आहे." तर म्हणाले, "म्हशीला एसटीत घेत्यात काय?"

म्हातारीचं काम केलं अक्कांनी. अक्का म्हणजे साडूंची थोरली बहीण. साडू पाळण्यात असताना आई गेली, आणि स्वतः परकरात वावरणाऱ्या अक्कांनी या रागीट बाळाला कडेवर घेतलं. सगळ्या जगावर डाफरणारे साडू अक्कांपुढं आवाज खाली आणतात. पेठ वडगावात अक्कांची पिठाची गिरण आहे, आणि गिरण बंद ठेवून पिक्चरमध्ये काम करायला त्यांनी स्वच्छ नकार दिला. "लोकांची दळपं थांबवून मी म्हशीमागं पळू? लाईट गेली की ये. मग मी मोकळीच असती." झालं. सगळा पिक्चर लाईट गेल्यावर काढला गेला. वीज मंडळानं वडगावची लाईट घालवली की साडू स्टुडिओचं शटर ओढायचे आणि माणसं घेऊन धावत सुटायचे. लाईट आली की अक्का शॉट अर्धा टाकून पदर खोचत गिरणीत. बिचारी म्हैस तेवढी उभी राहायची. पुढे परदेशातल्या एका पंडितानं लिहिलं, की या दिग्दर्शकानं कृत्रिम प्रकाश कटाक्षानं नाकारला आहे. अहो, नाकारतो कशाला! लाईट नव्हती!

इंग्रजी तर्जुमा माझ्या गळ्यात पडला. पडद्याच्या खालच्या पट्टीवर येतात ती वाक्यं मी लिहायची. मी आनंदानं हो म्हटलं, वाटलं या निमित्तानं पिक्चर तरी बघायला मिळेल. साडूंनी माझ्या हातात बोलण्याचे कागद ठेवले. "आणि पिक्चर?" "पिक्चर पडद्यावर बघायचा. तुमी कागद बघा." तेव्हा कोण कुणाला कुठल्या चेहऱ्यानं काय म्हणतंय हे न बघता मी ते इंग्रजीत नेलं. अक्कांच्या तोंडी बहुतेक ठिकाणी "व्हय की" एवढंच होतं. मी एकदा विचारलं, इथं त्या रागानं म्हणतायत की लाडानं? साडू म्हणाले, "अक्काला दोन्ही एकदमच येतं." आता हे इंग्रजीत कसं न्यायचं ते माझ्या विद्यापीठानं मला शिकवलेलं नव्हतं.

आणि मग ते झालं. युरोपातल्या कुठल्याशा गोठलेल्या गावात सिनेमांचा मोठा महोत्सव असतो, त्यांनी साडूंचा पिक्चर निवडला. बातमी पेपरात आली आणि पेठेला आनंदाचं भरतं आलं. कोल्हापूरला आनंद झाला की तो चौकात डिजिटल बोर्ड होऊन लागतो. साडूंचाही लागला. त्यांच्या डोळ्यांवर संगणकातून काळा गॉगल चढवला होता, मागे विमान उडत होतं, आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या झाडून सगळ्या तरुणांचे फोटो होते. काहींनी कानाला मोबाईल लावला होता. बोर्डावर अक्का नव्हत्या. म्हैसही नव्हती. साडू बोर्डाखाली उभे राहून ओरडले, "काम केलं अक्कानं, चालली म्हस, आणि फोटू ह्या रिकामटेकड्यांचं? ह्यातल्या एकानं तरी शेण उचललंय का?" पोरांनी ते हसण्यावारी नेलं आणि त्यांच्याबरोबर सेल्फी काढला.

सत्कार झाला. मोठा हॉल मिळाला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण सत्काराला जो हॉल चुटकीसरशी मिळाला तो पिक्चर दाखवायला मागितला तेव्हा पुढच्या वर्षापर्यंत भरलेला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा बांधून झाला. एकामागून एक वक्ते उठले आणि साडूंनी कोल्हापूरचा झेंडा कसा साता समुद्रापार नेला ते सांगू लागले. एकानं तर पिक्चरमधल्या कुस्तीच्या प्रसंगाचं कौतुक केलं. पिक्चरमध्ये कुस्ती नाही. मी पिक्चर पाहिलेला नव्हता तरी एवढं मला कागदावरून ठाऊक होतं. उत्तराच्या भाषणाला साडू उभे राहिले. फेटा थोडा कलला होता. माईक हातात घेऊन म्हणाले, "ज्यांनी पिक्चर बघितलाय त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. "मग सत्कार कशाचा केलासा? म्हशीचा तरी करायचा. ती चालली तरी." आणि शाल माझ्या अंगावर टाकून घरी निघून गेले. लोक म्हणाले, मोठी माणसं विक्षिप्तच असतात. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस विनाकारण चिडत नाही.

कारण त्याआधी आम्ही दोघं थिएटरवाल्यांचे उंबरे झिजवत होतो. एकानं विचारलं, गाणी किती? दुसऱ्यानं विचारलं, हिरोईन कोण? साडूंनी अभिमानानं सांगितलं, माझी बहीण, वय सत्तरच्या पुढं. तिसरा जरा भला होता, तो म्हणाला, "मालक, म्हस पळती का कुठं? निदान एकदा पळू द्या, बघू काय तरी." ज्या शहरात माणसं एकेकाळी कॅमेऱ्याच्या भोवती वाढली, जिथं दर तिसऱ्या घरात कुणी ना कुणी सिनेमाच्या लाइटी उचलल्या आहेत, त्या शहरात आपल्याच जिल्ह्यातल्या म्हशीला एक खेळ मिळू नये! माझा संताप अजून गेलेला नाही. साडूंबरोबर राहून आला असेल म्हणा, पण आता तो माझा स्वतःचा आहे.

या सगळ्यात अक्का वडगावहून आल्या की एकच विचारायच्या, "कवा दावतोस?" आणि साडू खाली बघून म्हणायचे, "दावतो की. थेटर मिळू दे." लॅपटॉपवर दाखवा, घरच्या टीव्हीवर लावा, मोबाईलवर पाठवा, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. थोरल्या मेव्हणीबाईंनी तर अबोला धरून पाहिला. साडू ऐकेनात. एकदा मी फारच मागे लागलो तेव्हा माझ्या अंगावर आले. "पावणं, जिनं मला मोठं केलं तिला मी बोटाएवढी करून दावू? न्हाय जमायचं. पडदा मोठाच पायजे." मी त्यांच्यावर चिडलेलोही होतो आणि माझे डोळेही भरून आले होते, आणि दोन्ही त्यांना दिसू नये म्हणून मी भिंतीवरचे नमुन्याचे फोटो बघत बसलो.

ते परदेशी जाऊन आले. आल्यावर आठवडाभर फक्त कशाकशावर चिडलो ते सांगत होते. तिथं थंडी फार, चहा पाणचट, आणि लोक थिएटरात मेल्यासारखे गप्प. "एक माणूस बोलंल तर शप्पत! मला वाटलं झोपली सगळी." खेळानंतर प्रश्नोत्तरं झाली. तिथं नोकरीला असलेली आपल्याकडची एक मुलगी दुभाषी म्हणून होती. कुणीतरी विचारलं, म्हैस हे कशाचं प्रतीक? साडू म्हणाले, "म्हस हाय ती." आणि खाली बसले. "मी तीन शब्द बोललो, पावणं, आणि ती पोरगी किती येळ बोलली! काय सांगितलं देवाला ठाऊक, खरं टाळ्या लई पडल्या." दुसऱ्यानं विचारलं, एवढ्या गरिबीत ही बाई जगते कशी? तेव्हा मात्र साडू परत उभे राहिले. "गरीब कोन? तिची सवताची गिरण हाय म्हणावं. अख्खं वडगाव तिच्या पिठाची भाकरी खातंय." शेवटी आभार मानायची वेळ आली. आपल्याकडे पाहुण्यांचा निरोप घेताना जे म्हणतात ते साडूंनी म्हटलं, "या की सगळी कोल्हापूरला. जेवायलाच या." आपल्याकडे असं रोज दहा जणांना म्हणतात आणि दहाही जण व्हय व्हय म्हणून आपापल्या घरी जातात.

त्या थिएटरात प्रेक्षकांत बसलेल्या योहानाबाईंना हे ठाऊक नव्हतं.

पुढच्या थंडीत एक दिवस दुपारी मला साडूंचा फोन आला. "पावणं, पळत या. येताना इंग्लिश घिऊन या." मी गेलो तर स्टुडिओत पासपोर्टच्या स्टुलावर एक उंच, पांढऱ्या केसांच्या, गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या बाई बसल्या होत्या आणि साडू त्यांच्याकडे, त्या सरकारी नोटीस असाव्यात तसे बघत होते. मी विचारपूस केली. बाई आपल्या गावात ग्रंथालयात काम करून निवृत्त झालेल्या. भारत बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, यांनी जेवायला बोलावलं होतं, यायला उशीर झाला, माफ करा. मी हे मराठीत सांगितल्यावर साडूंनी कपाळाला हात लावला. "आली व्हय खरंच!" त्यात नेमकी संकष्टी. थोरल्या मेव्हणीबाईंनी बाईंना साबुदाण्याची खिचडी दिली, आणि मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा उद्या, पण जायचं नाही, असं खुणेनं बजावलं.

त्या दिवशी योहानाबाईंनी मला एक गोष्ट सांगितली, जी साडूंनी सांगितलीच नव्हती. पिक्चर संपला तेव्हा सगळं थिएटर उठून उभं राहिलं. त्यांच्याकडे मान द्यायची ती रीत आहे. साडूंना वाटलं, लोक चालले घरी. ते धावत दारात गेले, दोन्ही हात आडवे केले आणि मराठीत ओरडायला लागले. कुणाला काही कळेना, पण माणूस इतका पोटतिडकीनं ओरडतोय म्हणून सगळे घाबरून परत खाली बसले. मग पडद्यावर नावं आली. त्यात पहिलं नाव आलं तेव्हा त्यांनी पडद्याकडे बोट केलं, आणि मग दार सोडलं. "ते नाव कुणाचं होतं?" बाईंनी मला विचारलं. मी साडूंकडे वळलो. ते स्टुलाचा पाय हलतोय म्हणून स्टुलावर चिडले होते.

दुसऱ्या दिवशी जेवायला अक्का आल्या. पिक्चर काढला तेव्हा त्या म्हशीच्या बरोबरीनं चालत होत्या. त्यानंतर गुडघे गेले. आता एसटीतून उतरायला दोन माणसं लागतात, आणि गिरणीत त्या खुर्चीवर बसून दळप घेतात. साडूंनी त्यांना धरून जिना चढवला. दारात त्यांना बघताच योहानाबाई ताटावरून उठल्या, पुढे झाल्या आणि अक्कांचे दोन्ही हात धरून नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

अक्का गोंधळल्या. मला म्हणाल्या, "ह्या बाईला मी ठाव कशी?"

मी म्हटलं, "त्यांनी तुम्हाला पडद्यावर पाहिलंय, अक्का."

अक्का सावकाश खुर्चीवर टेकल्या. समोर रस्सा होता, त्यांनी हात लावला नाही. "म्हंजे हिनं मला बघितलंय," त्या म्हणाल्या, "आणि मी मला बघितलं न्हाई."

साडू पुटपुटले, "थेटर मिळंना, अक्का."

"मी थेटर मागितलंय कधी?" आता अक्कांचा आवाज चढला, आणि या घराण्यातला राग कुठून आला ते मला समजलं. "माझं पाय गेल्यात. मी चालत हुते कशी ते माझं मलाच आठवंना झालंय. एवढं बघायचं हुतं. त्याला थेटर कशाला पायजे रं? सगळ्या दुनियेवर वरडतोस, आणि घरातल्या माणसाचं ऐकंनास! आज दाव. न्हाईतर मी जेवत न्हाई."

साडूंनी मान खाली घातली. मग ते उठले, चपला शोधल्या आणि खाली उतरले. मी मागोमाग गेलो. चौकात तालमीसमोर मोठा पडदा उभा होता. आदल्या दिवशी फुटबॉलची फायनल होती आणि आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे काय ते सांगायला नको. तालीम मंडळाचा अध्यक्ष पडदा उतरवून घ्यायच्या तयारीत होता. साडू त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि भांडायच्या सुरात म्हणाले, "आजच्या दिस ठेवतोस का?"

"अण्णा, मागायचं की आधी!" तो म्हणाला. "वरीसभर थेटरं हुडकत फिरलासा. आमी काय परकं हाय का?"

मला कुणावर चिडावं तेच कळेना. थिएटरवाल्यांवर चिडावं, की शहरभर वणवण करणाऱ्या आम्हा दोन शहाण्यांवर, की बोर्ड लावणाऱ्या आणि पिक्चर न मागणाऱ्या याच पोरांवर? पोरं तर तोवर खुर्च्या मांडायलाही लागली होती.

दिवेलागणीला चौक भरला. अक्का पुढच्या खुर्चीवर, शेजारी योहानाबाई, मागे सगळी गल्ली. साडू बाजूला खांबाला टेकून उभे. पिक्चर सुरू झाला आणि पहिल्या शॉटपासून कोल्हापूर बोलायला लागलं. "ए, ही आमची एसटी!" "म्हस लई देखणी हाय रं." म्हैस घेणारा माणूस दिसला तेव्हा, "ह्याच्या तोंडावर बघा, ह्यो दूध काढून घील आणि चारा द्यायचा न्हाई." म्हातारी वाट चुकली तेव्हा दहा जणांनी एकदम ओरडून रस्ता सांगितला. साडू दोनदा "गप बसा की!" म्हणून खेकसले, तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. योहानाबाई मागे वळून वळून बघत होत्या. मला म्हणाल्या, आमच्याकडे कुणीच तिला रस्ता सांगितला नाही.

आणि मी पहिल्यांदा पाहिलं. जी वाक्यं मी कागदावरून इंग्रजीत नेली होती ती अक्कांच्या तोंडून ऐकली, आणि माझं सगळं इंग्रजी चुकलं होतं हे मला तिथंच कळलं. पण बहुतेक वेळ त्या काही बोलतच नाहीत. चालतात. लांबच्या लांब रस्त्यावरून, एक हात कमरेवर, मान जरा डावीकडे, म्हशीच्या पावलाशी पाऊल जुळवत. हळूहळू चौकही गप्प झाला.

त्या शांततेत अक्का म्हणाल्या, "ही मी न्हवं."

साडू खांबापासून पुढे आले. "अक्का, तूच की ती."

"न्हवं रं. ही आई हाय. आई अशीच चालायची. असाच हात ठेवायची." अक्कांनी पडद्याकडे बघतच साडूंचं मनगट धरलं. "बघ, बाळ. तुझी आई बघ."

साडूंना आई आठवत नाही. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाच्या घरात आईचा एकही फोटो नाही, कारण तो कधी कुणी काढलाच नव्हता. तो पिक्चर त्यांनी शेकडो वेळा पाहिला असेल, तुकडे जोडताना, आवाज लावताना, त्या परक्या गावात. आता ते अक्कांच्या खुर्चीपाशी खाली फरशीवर बसले आणि लहान मुलानं बघावं तसं मान वर करून बघू लागले.

पिक्चर संपल्यावर लोक उठले, साडूंच्या पाठीवर थापा मारून जेवायला गेले. योहानाबाईंना घेऊन मेव्हणीबाई वर गेल्या. अध्यक्ष मशीन बंद करायला लागला तेव्हा साडू अगदी हळू आवाजात म्हणाले, "भावा, जरा मागं घे की."

"कुठनं लावू, अण्णा?"

"ती चालती ते. नुसतं चालती तेवढंच लाव."

त्यानं लावलं. मी थोडा वेळ त्यांच्यामागे उभा राहिलो आणि मग घरी गेलो. जाताना वळून पाहिलं तर रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध ती दोघं भावंडं बसली होती, आणि समोर त्यांची आई रस्त्यानं चालली होती.